पहिल्या फेरीचा मान

चूक गावातल्या दोन पिकअपपैकी थोरल्याचीच. घाटात डांबरी सडक नवी होती तेव्हाची ही गोष्ट. सकाळची पहिली फेरी थोरल्याची, असा गावचा रिवाज. म्हणून दुधाचे चार कॅन न्यायलाही थोरलाच घाट चढायचा आणि घटाघटा डिझेल प्यायचा.

"दादा, एवढ्याशा दुधाला मी पुरते. तुम्ही जड ओढायला डिझेल राखा," धाकटी पिकअप म्हणाली.

"कालची पोर तू! मान माझा आहे," थोरला गुरगुरला.

त्याच दुपारी उसाची ट्रॉली चिखलात रुतली. धाकटीने जोर लावला, पण ट्रॉली हलेना. ती ताकद थोरल्याचीच, आणि त्याची टाकी कोरडी.

"आता मान ओता की टाकीत," धाकटी म्हणाली.

शेवटी शेजारगावच्या ट्रॅक्टरने ट्रॉली काढली.

दुसऱ्या सकाळी धाकटी दूध घेऊन मजेत घाट चढली. थोरल्याची पहिली फेरी गेली आणि ओढायचं कामही गावाने त्या ट्रॅक्टरला दिलं.