भिवराआईचा जोडा

फार मागची गोष्ट. तेव्हा डोंगरात रस्ते नव्हते. माणसं चालून चालून जिथे गवत उगवेनासं व्हायचं, त्यालाच वाट म्हणायचे.

त्या डोंगरात सात पाडे होते आणि सात पाड्यांत मिळून सुईण एकच. तिचं नाव भिवरा. तिने इतक्या जणांना या जगात आणलं होतं, की लहानथोर सगळे तिला भिवराआईच म्हणत.

भिवराआईचे पाय फार रुंद होते. पंजा पसरट, बोटं एकमेकांपासून फाकलेली. चाळीस वर्षं ती अनवाणी चढली होती, दगडात बोटं रोवून उतरली होती. तरुणपणी नणंदा तिच्या पायांना फावडी म्हणून हसायच्या. तेव्हापासून चारचौघांत बसली, की ती पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची. एरवी तिला त्या पायांची तक्रार नव्हती.

पण साठी उलटली आणि पाय कुरकुरू लागले. टाचांना भेगा पडल्या. काटा मोडला तर महिनाभर सलायचा. घरी आली, की भिवराआई पाय कोमट पाण्यात सोडून बसायची आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. उठायची तेव्हाही थकलेलीच असायची. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर हा थकवा तुम्हाला ठाऊक असेल. तो झोपेने जात नाही.

पाड्यांतल्या बायकांनी हे पाहिलं. पाटलीणबाई म्हणाली, "आपल्या सगळ्यांच्या बाळंतपणाला ही अनवाणी धावते. तिला एक चांगला जोडा घेऊन देऊ."

मग कुणी तूप दिलं, कुणी डिंक दिला. एका म्हातारीने स्वतःच्या खोकल्यासाठी जपून ठेवलेला मध दिला. ते सगळं घेऊन पाटलीणबाई स्वतः दोन दिवसांची चाल करून खालच्या बाजारात गेली आणि तिथला उत्तमातला उत्तम जोडा घेऊन आली. लाल कातडं, चोचीसारखं निमुळतं टोक, काठाला पिवळ्या रेशमाची शिवण.

"माप कसं घेतलंत?" कुणीतरी विचारलं.

"मी घालून बघितला. मला अगदी नीट आला. बायकांचे पाय असे कितीसे वेगळे असणार?"

सगळ्याजणी भिवराआईच्या अंगणात जमल्या. तिने पाय घातला. पंजा अर्ध्यावर अडला. तिने दात आवळून तो आत ढकलला.

"येतोय ना ग?" पाटलीणबाईने विचारलं.

भिवराआईने वर पाहिलं. बारा-पंधरा चेहरे तिच्याकडे बघत होते. खोकणारी म्हातारीही काठी टेकत आली होती. अशा वेळी काय बोलायचं? आणि बोलायचं म्हणजे पुन्हा आपल्या पायांबद्दल बोलायचं.

"येतो की," ती म्हणाली. "नवं कातडं आहे. आठ दिवसांत सैल होईल."

आठ दिवस गेले, महिना गेला, कातडं काही सैल झालं नाही. करंगळी शेजारच्या बोटाखाली मुडपली. अंगठ्याच्या मुळाशी फोड आला, फुटला, तिथेच पुन्हा आला. पाडा दृष्टीआड झाला, की भिवराआई जोडा काढून काखेत मारायची. पुढचा पाडा दिसू लागला, की झाडाआड बसून पुन्हा घालायची. उघड्या जखमांत वाटेची माती जायची. आधी नुसत्या भेगा होत्या, आता पाय ठसठसू लागले.

"आई, जोडा बरा आहे ना?" भेटेल ती विचारायची.

"बरा आहे, बाई."

रोज तेच उत्तर द्यायचं, याचाही तिला शीण येऊ लागला.

पाऊस सरत आला होता. एका दुपारी खिंडीपलीकडच्या पाड्यावरून केरबा धापा टाकत आला. त्याच्या बायकोला, मैनेला, कळा सुरू झाल्या होत्या. पहिलंच बाळंतपण.

"आई, लवकर चल. तिचं काही नीट दिसत नाही."

भिवराआईने बटवा उचलला. तिची नजर जोड्यावर गेली. ठेवून जावा का? पण केरबाच्या आईनेच तर तुपाचा गडू दिला होता आणि केरबा समोर उभा होता. तिने जोडा पायात चढवला.

एरवी ती ऊन कलायच्या आत पोचली असती. आज खिंडीच्या चढाला लागेपर्यंतच तिचा घसा कोरडा पडला. प्रत्येक पावलाला बोटं एकमेकांत चिरडत होती. केरबा पुढे जायचा, थांबायचा, मागे बघायचा. शेवटी एका दगडावर ठेच लागली आणि अंगठ्याचं नख उपटलं. भिवराआई मटकन खाली बसली.

"काय झालं, आई?"

"काही नाही. दम लागला. तू पुढे हो, पाणी तापवायला सांग. मी आलेच."

तो दिसेनासा झाल्यावर तिने जोडा काढला. आत रक्त होतं. ती उठली आणि टाचांवर चालू लागली. चढावर गवत धरून गेली, उतारावर बसून घसरत गेली. पाड्यात पोचली तेव्हा सूर्य मावळत होता.

मूल जन्मलं होतं. ते रडलं नव्हतं.

भिवराआईने त्याच्या तोंडात फुंकर घातली, त्याची पाठ चोळली, तळवे चोळले. पुष्कळ वेळ चोळत राहिली. मग तिने ते फडक्यात गुंडाळलं आणि मैनेकडे वळली. मैनेचं रक्त थांबत नव्हतं. ते तिने थांबवलं. मैना वाचली.

"उशीर झाला ग, आई," मैनेची सासू म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि तेच भिवराआईला सोसवेना.

"वाट निसरडी होती," ती म्हणाली.

वेळेवर पोचली असती तर मूल जगलं असतं का? ते कुणालाच सांगता आलं नसतं. भिवराआईलाही नाही. तिने ते हजार वेळा मनाशी विचारलं.

मैनेची शुश्रूषा करायला ती तिथेच राहिली. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे पाणी तापवत बसली होती. लुगडं जरा वर सरकलं होतं. अंथरुणावरून मैनेला तिचे पाय दिसले.

"आई, पायांना काय झालंय?"

"काही नाही. वाटेत ठेच लागली."

"ठेचेनं दहाही बोटं अशी होत नाहीत."

चुलीतलं लाकूड नुसतंच धुमसत होतं. भिवराआईला एकाएकी वाटलं, की आता आणखी काही लपवायची ताकद आपल्यात उरलेली नाही.

"जोडा चावतो मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलात. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मैनेने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"वाटलं असतं," ती म्हणाली. "एक दिवस. फार तर दोन दिवस."



परतीच्या वाटेवर भिवराआईने जोडा काखेत धरला आणि पाडा दिसू लागला तरी तो पायात घातला नाही. ती सरळ पाटलीणबाईच्या दारात गेली, जोडा ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पाटलीणबाईने जोडा उचलून आतले रक्ताचे डाग पाहिले.

"मी तुझं माप न्यायला हवं होतं," ती म्हणाली.

"न्यायला हवं होतं. आणि मी सांगायला हवं होतं."

दोघींनी मग एकमेकींना बोल लावला नाही. ती लाल कातड्याची जोडी पाटलीणबाईच्या पायाला येत होती, पण तिनेही ती कधी घातली नाही.

जखमा भरल्यावर भिवराआई स्वतः बाजारात गेली. पाड्यांतल्या बायकांनी पुन्हा काही ना काही तिच्याबरोबर दिलं होतं. पहिला दुकानदार तिचे पाय बघून म्हणाला, "एवढ्या रुंद पायाला लांब जोडा घ्यायचा, आजी. म्हणजे रुंदी आपोआप मिळते."

तिने तो घालून दुकानापुढे चार पावलं टाकली. टाच आत उचलली जात होती आणि पुढचं टोक जमिनीला अडत होतं.

"उतारावर तोंडघशी पडेन," ती म्हणाली आणि जोडा परत दिला.

दुसरा म्हणाला, "घट्ट असू द्या. कातडं सैल होतं."

"माझ्या पायापुरतं होत नाही," असं म्हणून ती पुढे गेली.

बाजाराच्या टोकाला झाडाखाली शिदूबाबा नावाचा म्हातारा जोडे शिवत बसला होता. त्याने तिचे पाय नीट निरखले. तो हसला नाही, हळहळलाही नाही.

"आक्का, आता जा. दिवसभर बाजार फिर आणि ऊन उतरल्यावर ये. सकाळी पाय वेगळा असतो, चालून आलेला पाय वेगळा."

ती संध्याकाळी आली आणि बसू लागली.

"बसू नको, उभी राहा. बसल्या पायाच्या मापाने चालायचा जोडा होत नाही."

त्याने कातड्यावर तिला उभं केलं आणि कोळशाने दोन्ही पायांभोवती रेघ ओढली. डावा पाय उजव्यापेक्षा रुंद निघाला. साठ वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जोडा तयार झाला तेव्हा तिने घालून पाहिला. "करंगळीपाशी लागतंय," ती म्हणाली. त्याने शिवण उसवून पुन्हा घातली. "आता वर लागतंय." त्याने पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा मात्र तो वैतागला.

"फार किटकिट करतेस, आक्का."

भिवराआईच्या ओठांवर आलंच होतं, की राहू दे, चालेल. ते तिने गिळलं.

"लागतंय, बाबा, म्हणून सांगते."

शिदूबाबाने तिच्याकडे पाहिलं, आरी उचलली आणि मुकाट्याने टाका सोडवला.

तो जोडा दिसायला काही चांगला नव्हता. पुढून रुंद, आखूड, बोथट. पाड्यातली पोरं म्हणाली, भिवराआई बदकासारखी चालते. म्हणू दे. तिने तो सगळ्यांसमोर घातला आणि पाय लुगड्याखाली ओढले नाहीत.

मैनेचं मूल परत आलं नाही. ते येणारही नव्हतं. खिंड चढताना त्या दगडापाशी भिवराआईचं पाऊल दर वेळी जड व्हायचं. वाटा आखूड झाल्या नाहीत, वयही कमी झालं नाही. पण त्यानंतर नऊ वर्षं, जिथून बोलावणं आलं तिथे ती वेळेवर पोचली. थकून दारात टेकायची, घोटभर पाणी प्यायची आणि आत जायची. सात पाड्यांत पुन्हा कुणी तिला "उशीर झाला" म्हटलं नाही.

म्हणून सांगतो: प्रेमाने दिलेलं असलं तरी चावतं ते चावतंच आणि भिडेपोटी ते लपवलं, की त्याची झळ आपल्यापुरती राहत नाही.