बिजल्याचा ससा

एकदा काय झालं, एका राजाला वाऱ्याचा हेवा वाटला. माझ्या राज्यात माझ्यापुढं कुणी धावतं म्हणजे काय! मग त्यानं दूरदूरून शर्यतीची कुत्री आणली. लांब पायांची, बारीक कमरेची. आणि एका जादूगाराकडून धुक्याचा ससा करून घेतला.

दर बाजारच्या दिवशी तुतारी वाजायची. ससा सुटायचा, त्याच्यामागं कुत्री सुटायची. लोक ओरडायचे, राजा टाळ्या पिटायचा. पण ससा धुक्याचा होता, बरं का. तो कधी थांबायचा नाही. मैदानाच्या टोकाला गेला की विरून जायचा.

सगळ्यांत पुढं असायचा बिजल्या. सात वर्षं तोच पुढं. आठव्या वर्षी त्याचा मागचा पाय दुखायला लागला. बिजल्या दुसरा आला. मग पाचवा आला. मग राजा म्हणाला, "याला रानात सोडा." रानात काय होतं? वाघ होता.

त्याच दिवशी लिंबाजी सनगर राजवाड्यात आपण विणलेल्या घोंगड्या पोचवायला आला होता. एकटा जीव, केस पिकलेले, बोलणं थोडं. त्यानं गठडी खाली ठेवली. रानात न्यायला काढलेला बिजल्या हळूच आला आणि त्या गठडीवर मान टेकून उभा राहिला. उभाच राहिला. स्वस्थ बसायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

लिंबाजी म्हणाला, "महाराज, हा मला द्या."

राजा हसला. "ने. पण तुतारी वाजली की तो येणार. तीन बाजार बघू. तिन्ही वेळा मैदानात आला, तर तो रानात जाईल. एकदा जरी तुझ्या दारात थांबला, तर तुझा. बांधायचा नाही, कोंडायचा नाही."

लिंबाजीनं बिजल्याला घरी आणलं. शेजारची गजराक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लिंबाभाऊ, कुत्रा आणलास का हाडांची मोळी?"

बिजल्याला घर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. उंबऱ्याशी येऊन तो थांबला. पाय उचलावा की नाही, कळेना. लिंबाजी आत बसून वाट पाहत राहिला. जेवणवेळ टळली, भाकरी गार झाली, तेव्हा कुठं एक पाय आत आला. मग दुसरा. आणि आत आल्यावर यानं काय केलं? घोंगडीचे धागे ताठ करायला लावायची चिंचोक्याची खळ सगळी चाटून टाकली! लिंबाजी म्हणाला, "खा लेका. आता आतून ताठ हो."

मग पहिला बाजार आला. लिंबाजीनं अंगणात ताणा लावला होता. म्हणजे लोकरीचे लांब लांब धागे, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत. तुतारी वाजली. बिजल्या उठला आणि ताण्यातून आरपार गेला. तटतट धागे तुटले. पंधरा दिवसांचं काम मातीत गेलं. मैदानातून राजानं सांगून पाठवलं, "एक."

लिंबाजीनं तुटके धागे गोळा केले, कोनाड्यात ठेवले. बिजल्या परत आला तेव्हा त्याला म्हणाला, "आलास? बरं झालं."

दुसरा बाजार आला. गजराक्का म्हणाली, "कानांत लोकर कोंब की त्याच्या!" लिंबाजीनं कोंबली. पण तुतारी बिजल्याच्या कानांना नाही, पायांना ऐकू यायची. पाय उठले, आणि त्यांच्यामागं बिजल्या गेला. राजानं सांगून पाठवलं, "दोन."

आता एकच बाजार उरला.

त्या दुपारी बिजल्या दमून निजला होता. लिंबाजी त्याच्याकडं बघत होता. झोपेतही त्याचे पाय धावत होते. तोंड उघडायचं, मिटायचं. उघडायचं, मिटायचं. दातांत काहीच नाही.

मग लिंबाजीच्या ध्यानात आलं. अरे, इतकी वर्षं धावला, पण ससा काही याला मिळाला नाही. ज्याची शर्यत संपलीच नाही, तो थांबणार कसा?

तो उठला. कोनाड्यातले तुटके धागे काढले. गुंडाळले, शिवले. दोन लांब कान केले. एक कान जरा वाकडा झाला, पण असू दे. झाला लोकरीचा ससा. त्याला एक दोरा बांधला आणि लिंबाजी अंगणातून तो ओढत निघाला. म्हातारा माणूस, कितीसा पळणार? बिजल्या उठला, मागं लागला. एक फेरी झाली. दोन झाल्या. तिसऱ्या फेरीला लिंबाजीनं दोरा सोडून दिला.

ससा थांबला.

बिजल्याही थांबला. आजवर असं झालं नव्हतं. त्यानं ससा हुंगला, हलकेच तोंडात धरला. घरात आला, उंबऱ्याशी अडलासुद्धा नाही. घोंगडीवर गोल फिरला आणि खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा स्वस्थ बसला, बरं का.

मग तिसरा बाजार आला. दार सताड उघडं होतं. लिंबाजी घोंगडी विणायच्या मागावर बसला होता, पण हात चालत नव्हता. तुतारी वाजली. बिजल्याचा एक कान उभा राहिला. तुतारी पुन्हा वाजली. बिजल्यानं एक डोळा उघडला. पुढच्या पायांत ससा होता. आहे ना? आहे. मग त्यानं डोळा मिटला.

तिसऱ्यांदा तुतारी वाजली, तेव्हा बिजल्या घोरत होता.

राजा स्वतः घोड्यावरून आला. दारातून वाकून बघितलं आणि म्हणाला, "हरला हा!"

लिंबाजी उठून हात जोडून म्हणाला, "नाही महाराज. तुमच्या सगळ्या कुत्र्यांत हा एकटाच जिंकला. ससा याच्यापाशी आहे."

राजा घोड्यावरून खाली उतरला. त्यानं तो लोकरीचा ससा निरखून बघितला. मग हळू आवाजात म्हणाला, "लिंबाजी, असे ससे आणखी होतील का?"

"होतील की. गजराक्का, ये गं, कान शिवायला!"

गजराक्का म्हणाली, "येते. पण तू केलास तसा वाकडा नाही शिवणार हो!"

मग मैदानातल्या एकेका कुत्र्याला ससा मिळाला आणि घरही मिळालं. तुतारी खुंटीला टांगली. धुक्याचा ससा एकटाच पळत राहिला. मागं वळून बघतो तर कुणीच नाही! मग तोही टेकडीवर जाऊन बसला. सकाळी पांढरं काही दिसलं तर समजा, तोच आहे.

लिंबाजीनं ताणा पुन्हा लावला. बिजल्या त्याच्या कडेनं चालायचा, एक धागा हलायचा नाही.

झालं. सगळे आपापल्या घोंगडीवर आहेत. आता तुम्हीपण पाय स्वस्थ ठेवा बाळांनो, कुठं धावायचं नाही. मिटा डोळे.