लिवावहिनीचं आंबट सार

मेलेल्या माणसाला भूक लागते का?

मी भटजींना विचारलं, मास्तरांना विचारलं, आईलाही विचारलं. तुम्ही दोघी मला विचारू नका. आज आजीला बोलवत नाही, म्हणून गोष्ट तुमचा काका सांगणार. चुकली तर चुकली. पाय पांघरुणात घ्या बघू.

एकदा काय झालं, समुद्रकाठी एक तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे गलबताचा राजाच, बरं का. त्याचं नाव हिराजी. त्याला एक धाकटा भाऊ होता, धाकू. धाकू म्हणजे नुसता वारा. आधी धावायचा, मग कुठं जायचं ते ठरवायचा.

हिराजी गलबत घेऊन गेला सात समुद्रांपलीकडे, फिलिपिन्सच्या बेटांवर. तिथून बायको करून आणली. तिचं नाव लिवायवाय. एवढं मोठं नाव गावाला कुठलं पेलायला! गाव म्हणायचं लिवाबाई, धाकू म्हणायचा लिवावहिनी. ती एक आंबट सार करायची, सिनिगांग. त्यात मुळा, भेंडी, हिरवी मिरची, मूठभर पालेभाजी आणि बोय मासा. पातेल्यावरचं झाकण उघडलं की शेजारची काशीकाकू कुंपणावरून डोकवायची.

"काय गो लिवा, आज परत तुझं ते सिंगांग-बिंगांग?" असं नाक मुरडून म्हणायची आणि वाटी पुढे करायची.

मग एका वादळात हिराजी गेला. गलबत आलं. तो आला नाही.

लिवावहिनीनं जेवण सोडलं. भात नको, पेज नको, काही नको. आणि ती पुसट व्हायला लागली. खरंच सांगतो. आधी पाय पुसट झाले. सारवलेल्या जमिनीवरून चालली तरी पाऊल उमटेना. तिला दोन पोरी होत्या, तुमच्याएवढ्याच. त्या तिचा हात धरायला जायच्या, तर बोटांत नुसतं धुकं यायचं.

धाकूची आई म्हणाली, "हिला आपलं अन्न जात नाही रे. हिच्या आईच्या हातचं असतं तर गेलं असतं घशाखाली. अवसेपर्यंत काही खाल्लं नाही, तर सबंध पुसली जाईल ही."

तिची आई सात समुद्रांपलीकडे. अवस दोन दिवसांवर.

"मी करतो सिनिगांग," धाकू म्हणाला.

"तू? तुला चूल तरी पेटवता येते का?"

पण धाकू केव्हाच धावत सुटला होता. सार आंबट असतं, एवढं त्याला माहीत होतं. म्हणून तो गेला मुंज्याच्या चिंचेकडे. त्या झाडावर कुणी चढत नाही, बरं का.

"कोण रे तो?" मुंजा वरून ओरडला.

"मी धाकू. माझा भाऊ गेलाय. तू मला आणखी काय करणार?"

मग मुंज्यानं स्वतःच फांदी हलवून चिंचा पाडल्या.

धाकू घरी आला. तांदूळ धुतले, धुवण गाईच्या घमेल्यात ओतलं, भात लावला, सार केलं. वहिनीनं वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली. आता तिचे हातही पुसट झाले.

दुसऱ्या दिवशी धाकू घाट चढून रानातल्या कोकमांसाठी गेला. वाटेत बिबट्या आडवा बसलेला. धाकू रडत धावत होता, त्यानं बिबट्याला बघितलंच नाही, सरळ त्याच्यावरून उडी मारून गेला. बिबट्या बिचारा तिथंच बघत राहिला. धाकू घरी आला. तांदूळ धुतले, धुवण गाईला ओतलं, सार केलं. वहिनीनं वाटी नाकाशी नेली, खाली ठेवली. आता तिचा चेहराही दिसेना.

मग आला अवसेचा दिवस. खाडीतल्या बेटावर बिंबल्याचं, म्हणजे इवल्या काकडीसारख्या आंबट फळांचं झाड होतं. बिंबलं वहिनीच्या देशातही होतात, तिनंच सांगितलं होतं. धाकूला वाटलं, हेच ते! खाडीत सुसर होती. पण धाकू तिच्या पाठीवर पाय देऊन पार झाला आणि ओटी भरून बिंबलं घेऊन आला. तांदूळ धुतले, धुवण गाईला ओतलं, सार केलं.

वहिनीनं वाटी खाली ठेवली. आता नुसतं लुगडं दिसत होतं. आत कुणी नाही.

धाकू गोठ्यात जाऊन मटकन बसला. ऊन उतरायला लागलं होतं. तेवढ्यात तांबू गाय म्हणाली, "धाकू, मला तोंड दाखवायला जागा नाही रे."

काय गं? हो, बोलते गाय. या गोष्टीतली बोलते. गप पड.

तर तांबू म्हणाली, "तांदळाचं पहिलं धुवण माझं, दुसरं लिवाचं. त्या दुसऱ्या पाण्यातच ती सार करते. तिची आई तसंच करते, आईची आईही तसंच करायची. लिवा मला म्हणायची, 'तांबू, रागावू नकोस, हे पाणी माझ्या आईचं.' आणि तू वेडा, दोन्ही पाणी माझ्याच घमेल्यात! पहिल्या दिवशीच बोलणार होते मी. पण काय गोड लागतं रे ते!"

धाकू तिच्यावर ओरडणार होता. पण तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. खूप वेळ. तांबू मान न हलवता उभी राहिली.

मग तो उठला. या वेळी धावला नाही. तांदूळ धुतले. पहिलं पाणी तांबूला दिलं. दुसरं पातेल्यात घेतलं, पांढरं, ढवळं. त्यात उरलेली बिंबलं, मुळा, भेंडी, मिरची, शेवटी पाला आणि मासा. वाटी भरून लुगड्यापुढे ठेवली.

वाटी हवेत उचलली गेली. थांबली. आई आणि पोरी उंबऱ्यातून बघत होत्या.

मग सुर्रकन आवाज आला.

आधी नाक दिसलं, बरं का. मग ओठ. मग डोळे आणि डोळ्यांतलं पाणी.

"मिरची जास्त झाली," लिवावहिनी म्हणाली.

धाकूची आई हसायला लागली ती थांबेचना. पोरींनी झेप घेतली, तर हातात खराखुरा हात आला, गरम, सारानं ओला झालेला.

"माझी आई असंच करते," वहिनी म्हणाली. "तुला कुणी शिकवलं?"

"गाईनं."

"चावट!" ती म्हणाली. मग सगळ्यांकडे बघून तिच्या भाषेत म्हणाली, "काइन तायो." म्हणजे चला, जेवूया. कुंपणावरून काशीकाकूची वाटी आलीच.

हिराजी परत आला नाही. गोष्टीत तरी आणावा म्हटलं, पण येत नाही तो. बाकी सगळे पोटभर जेवले, आणि त्या घरात पुन्हा कुणी पुसट झालं नाही. डोळे मिटा आता. थोडंच राहिलंय.

पोरी जेवता जेवता पेंगत होत्या. धाकू त्यांच्यामध्ये मांडी घालून बसला, माशाचा एक एक काटा काढला, आणि दोघींचे घास निवडून दिले.