गोजराबाईची हिरवी पाटी

भाविकहो, श्रीसोननाथ महाराज वाघझरी गावी देवीच्या देवळामागच्या लिंबाखाली मुक्कामाला होते, त्या साली पाऊस श्रावणातच तोंड फिरवून गेला. नवरात्र आलं तरी रानात हिरवं म्हणून काही दिसेना. गावात गोजराबाई नावाची एक विधवा राहायची. दहा कोंबड्या, एवढाच तिचा संसार. हिरव्या चाऱ्यावाचून त्यांनी अंडी घालणं सोडलं, तेव्हा महाराज तिला म्हणाले, "बाई, घट पेरतात तशी जोंधळ्याची पाटी लाव. सात दिवसांत चारा होईल."

तिने आपल्या भाकरीच्या जोंधळ्यातले टपोरे दाणे निवडले, भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले आणि पाटीत शेणखतावर पसरले. सातव्या माळेला पाटी हिरवीगार झाली. गोजराबाईचा तर नजरेवर विश्वास बसेना.

नेमका त्याच सकाळी दौलतराव पाटलांच्या देवघरात गलका उठला. त्यांचा घट उगवलाच नव्हता. मातीला कुबट वास येत होता. आता आपलंच काही चुकलं असेल, असं मोठ्या माणसाच्या मनात कधी येतं का? पाटील तरातरा गोजराबाईच्या दारात आले.

"देवीच्या बरोबरीनं कोंबड्यांचा घट बसवतीस? तुझ्यामुळंच कोपली देवी! अन् त्या गोसाव्यानं शिकवली तुला ही अक्कल?" त्यांनी पाटी लाथेने उडवली, कोवळे मोड जोड्याखाली चिरडले आणि गड्यांना फर्मावलं, "धरा सगळ्या कोंबड्या. उद्या अष्टमीला देवीपुढं कापायच्या."

गोजराबाई रडली नाही. चिरडलेले मोड पदरात भरून ती थेट लिंबाखाली गेली आणि महाराजांपुढे ओतून मोकळी झाली.

"तुमचं ऐकलं, त्याचं हे फळ! तुमच्या देवीला दिसत न्हाई का? का ती बी पाटलाचीच हाय?"

काय ही जीभ! पण महाराज तिच्यावर रागावले नाहीत. त्यांचे डोळे मात्र लाल झाले. मोड झोळीत भरून ते उठले. "चल," एवढंच म्हणाले.

पाटलांच्या अंगणात कोंबड्या पाय बांधून टाकल्या होत्या, भोवती गाव गोळा झालं होतं. महाराजांनी स्वतः दोऱ्या सोडल्या. सुटताच त्या फडफडत देवघरात शिरल्या आणि घट उकरू लागल्या. "विटाळ! विटाळ!" म्हणत पाटील काठी घेऊन धावले.

"खबरदार!" महाराज गरजले. "आधी बघ."

कोंबड्यांनी माती पार उलथून टाकली. सकाळपासूनच्या उपाशी, पण एकीनेही दाणा चोचीत धरला नाही. महाराजांनी चिमूटभर दाणे पाटलांच्या तळहातावर ठेवले. दाबताच त्यांचा भुगा झाला.

"धान्याच्या पेवाच्या तळचे किडके दाणे! उकिरडा चिवडणारी कोंबडी ज्याला तोंड लावत नाही, ते तू जगदंबेला दिलंस? चांगलं कुणासाठी ठेवलंस रे?"

महाराजांनी झोळीतले मोड घटाच्या मातीवर ठेवून वर पाणी शिंपडलं. आणि काय सांगावं! चिरडलेला एकेक कोंब सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ताठ झाला, घट वीतभर उंच डोलू लागला. कोंबड्या भोवती शांत बसून राहिल्या.

पाटलांच्या हातातली काठी गळाली. ते महाराजांच्या पायांवर वाकले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले. "लाथ मला नाही घातलीस. तिच्या पाया पड."

सगळ्या गावासमोर दौलतरावांनी गोजराबाईच्या पायांशी पागोटं ठेवलं. लोकांना वाटलं, आता बाई विरघळणार. ती कसली विरघळते!

"पाया पडून माझ्या कोंबड्यांचं पोट भरायचं न्हाई, पाटील," ती म्हणाली. "उठा. तुमच्या चांगल्या जोंधळ्यातलं दाणं निवडा, अन् माझी पाटी तुमच्या हातानं लावून द्या."

महाराज खळखळून हसले. आणि दौलतराव पाटील बोडक्या डोक्याने तिच्या दारात शेणखत चाळायला बसले.