हिवरकड्याचा कानाचा दगड

हिवरकड्याला एसटी थांबते ती चढाच्या पायथ्याशी. तिथून पायवाटेने वर आले की सिस्टरांचे बोर्डिंग लागते. लांबट कौलारू इमारत, मागे छोटे चर्च, पुढे फाटक. फाटकाच्या उजव्या अंगाला एक काळा दगड उभा आहे. गावातली जुनी गढी पडली तेव्हा तिच्या वेशीचा हा दगड इथे आणून रोवला, असे सांगतात. त्याला आरपार भोक आहे. वेशीचे दार लावले की साखळी या भोकातून ओवून आतल्या आकड्याला अडकवायची, अशी जुनी रीत होती.

नीट पाहिले तर दगडाची बाहेरची बाजू भोकाभोवती गुळगुळीत झालेली दिसते, कोणी वर्षानुवर्षे गाल टेकवावा तशी. आतल्या बाजूला, बरीच खाली, लहान हातांनी धरून धरून दोन खळगे पडले आहेत. गावात याला कानाचा दगड म्हणतात.

फाटकाशी सुंदराबाई पारखे बसलेल्या असतात. कोणी पाहुणा आला की त्या आधी पाणी देतात आणि मग विचारतात, "तुम्हाला भ्या कशाचं वाटतं?"

पुरुषमाणसे बहुधा हसतात. "आम्हाला कशाचं भ्या, मावशी?"

"मंग बसा थोडं," सुंदराबाई म्हणतात. "ऐकून घ्या. मग परत विचारीन."

त्या सांगतात ते असे.

फार वर्षांपूर्वी, लागोपाठ तीन पावसाळे कोरडे गेले तेव्हाची गोष्ट. इथे तेव्हा दोनच सिस्टर होत्या. थोरल्या सिस्टर उर्सुला दवाखाना बघत आणि धाकट्या सिस्टर तेक्ला मुलींची शाळा. सिस्टर तेक्ला वसईकडच्या. एके दिवशी त्यांना वरिष्ठ सिस्टरांचे लाखेची मोहोर लावलेले पत्र आले, की हिवरकड्याला जा. दुसऱ्या दिवशी त्या पत्र्याची पेटी घेऊन निघाल्या. का, किती दिवस, काही विचारले नाही. आज्ञा आली की पाळायची, हे त्यांच्या व्रतातच होते. मोहोर लावलेले पत्र आले की देवाची इच्छा आली, असे त्या मानत.

दुष्काळात माणसे गाव सोडून कामाला जाऊ लागली. जाताना लेकरे फाटकाशी आणून सोडत. "पाऊस झाला की नेतो, सिस्टरबाई," म्हणत आणि मागे न बघता चढ उतरत. अशा बावीस मुली झाल्या. त्याच दिवसांत त्या मुलुखात पोरी पळवणारे फिरत होते. कुठे नेत, कोणाला देत, कोणी सांगू शकत नव्हते. फक्त एखाद्या वस्तीवरून रडण्याचा आवाज यायचा आणि कळायचे, की अजून एक गेली.

त्या बावीसजणींत सोजर नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. अबोल. कामात चलाख, पण सिस्टरांशी बोलायला यायची ती ऐन गडबडीच्या वेळी. येऊन नुसती पदर धरायची.

"नंतर हं, सोजर," सिस्टर तेक्ला म्हणायच्या. बावीस मुलींची वेणीफणी, पाटी, भाकरी. ते नंतर कधी आले नाही.

एका दुपारी एक माणूस फाटकाशी आला. त्याच्याजवळ पत्र होते आणि पत्रावर लाखेची लाल मोहोर. सोजरची आई फार आजारी आहे, मुलीला तिच्या मामाबरोबर पाठवावे, असे लिहिले होते. मुलीचे नाव, बापाचे नाव, गाव, सगळे बरोबर. सिस्टरांनी पत्र दोनदा वाचले. मोहोर बघितली. सोजरला हाक मारली.

सोजर आली आणि माणसाला पाहताच दाराची चौकट धरून उभी राहिली. रडली नाही, बोलली नाही. नुसती धरून राहिली.

"अगं, आईला बरं नाही ना? जा बाळ," असे म्हणत सिस्टर तेक्लांनी स्वतःच्या हाताने तिची बोटे सोडवली. एक, एक करून. मग तिच्या फडक्यात दोन भाकरी बांधून दिल्या.

पंधरा दिवसांनी सोजरची आई चढ चढून आली. चांगली धडधाकट. पदरात गुळाचा खडा होता लेकीसाठी.

सिस्टर तेक्लांनी काय सांगितले आणि कसे सांगितले, ते कोणाला ठाऊक नाही. पण ती माउली ओरडली नाही, असे म्हणतात. ती मटकन खाली बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो असा:

"नदी कशी उतरली आसंल वो ती? तिला व्हात्या पाण्याचं लई भ्या. डावा हात धरल्याबिगर पाण्यात पाय घालीत न्हाई. त्याला कसं ठावं आसंल, डावा हात धरायचा?"

हे ऐकले आणि सिस्टर तेक्लांच्या काळजात जे धस्स झाले, ते पुढे जन्मभर गेले नाही.

शोध घेतला. गावोगाव माणसे पाठवली. चौकीत कळवले तेव्हा शिपायांनी तो माणूस कसा दिसत होता, उंच की ठेंगणा, मिशा होत्या की नव्हत्या, असे विचारले. सिस्टर तेक्लांना सांगता येईना. त्यांना मोहोर आठवत होती, तिचा रंग, तिच्यावरची फुटकी कड. चेहरा आठवत नव्हता. त्यांनी माणसाकडे पाहिलेच नव्हते, पत्राकडे पाहिले होते.

त्या दिवसापासून सिस्टर तेक्ला भिऊ लागल्या. पायवाटेवर खडा वाजला तरी हातातले काम सुटायचे. दिवसातून दहादा मुली मोजायच्या, एकवीस भरल्या तरी पुन्हा मोजायच्या. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघवत नसे म्हणे. जेवतानाही तो पदराखाली झाकायच्या. सोजरची आईही परत गेली नाही. "ती आली तर हितंच यील," म्हणाली आणि फाटकाशी बसून राहिली.

एकदा सिस्टरांनी मुलींना विचारले, "सोजर तुमच्याशी काही बोलली होती का गं?"

मग चिमी नावाची पाच वर्षांची पोर म्हणाली, "आमच्याशी न्हाई. दगडाला सांगायची."

"कुठल्या दगडाला?"

"त्या भोकाच्या. तोंड लावून सांगायची. म्हणायची, एक बाबा मला रोज झाडाखालनं बघतो. तो मला नेणार."

"मला का नाही सांगितलं?"

चिमी घाबरली. "तुमी म्हणला ना, नंतर."

त्या संध्याकाळी सिस्टर तेक्ला फाटकाबाहेर गेल्या, गुडघे टेकले आणि दगडाच्या भोकाला कान लावला. पापनिवेदनाच्या वेळी फादर जाळीआड बसतात, तोंड दिसत नाही म्हणून माणूस बोलतो, हे त्यांना माहीत होते. पण लेकरांजवळ पापे कुठली? लेकरांजवळ भीती असते. त्यांनी एकेका मुलीला आतल्या बाजूला उभे राहायला सांगितले. "मी दिसणार नाही. कशाची भीती वाटते तेवढं सांग. मी कितीही वेळ बसेन."

एकवीस मुली बोलल्या. कुणाला चुलत्याच्या खाकरण्याची भीती होती, कुणाला रिकाम्या रांजणाची. एकीला आपण आईचा चेहरा विसरू याची. गोदा नावाची मुलगी म्हणाली की तिला बैलांच्या घुंगरांची भीती वाटते. तिचा धाकटा भाऊ घुंगराच्या गाडीखाली सापडला, तिच्या डोळ्यांदेखत. सिस्टर उठल्या तेव्हा तारे निघाले होते आणि गालावर दगडाचा वळ उठला होता.

वर्ष गेले. एका तिसऱ्या प्रहरी चढावरून घुंगरांचा आवाज आला.

गोदा पाटी टाकून खाटेखाली शिरली. सिस्टर तेक्लांनी सिस्टर उर्सुलांना सांगितले, सगळ्यांना चर्चमध्ये न्या आणि जपमाळ म्हणायला लावा, मोठ्याने, म्हणजे मला इथे ऐकू येईल. गोदाला दोघींनी ओढून बाहेर काढले. मग सिस्टरांनी फाटक लावले, साखळी भोकातून ओवून आत अडकवली आणि मागच्या दाराने बाहेर येऊन फाटकापुढे उभ्या राहिल्या. सोजरची आई दगडाशीच बसली होती.

गाडीतून तिघे उतरले. पुढच्याच्या हातात पत्र होते. या वेळी त्यावर दोन मोहरा होत्या.

"गोदाला न्यायला आलोय. मी तिचा मामा. तिची आई शेवटच्या घटका मोजतीय, बाई. लवकर करा."

सिस्टरांनी पत्र घेतले नाही. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले. हाच तो होता का? त्यांना कळेना. नसला तर? खरेच एक आई तिकडे डोळे लावून पडली असली आणि मी पोर अडवून धरली तर?

"एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "गोदाला भीती कशाची वाटते?"

तो मागच्या दोघांकडे बघून हसला. "ऐका! पोरी कशालाबी भित्यात. आंधाराला भिती. सापाला भिती."

"तिचा भाऊ कसा गेला?"

"तापानं गेला."

मागे बैलांनी माना हलवल्या आणि घुंगरे वाजली. सिस्टर तेक्लांना आता काही विचारायचे राहिले नाही. ज्याने त्या घरचे दुःख पाहिले असेल, तो या पोरीला न्यायला घुंगरे बांधून येईल का?

"मुलगी मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

"आन तुमाला वो?" तो एक पाऊल पुढे आला. "तुमाला कशाचं भ्या वाटतं, बाई? एकट्या उभ्या हाय म्हणून इचारतो."

"तुमचं वाटतं," सिस्टर म्हणाल्या. "आणि माझ्या या हाताचं वाटतं. पण मी बाजूला होणार नाही."

त्याने त्यांना खांद्याने ढकलले. त्या पडल्या. मग त्याने दगडाच्या भोकात कोपरापर्यंत हात घातला, आतली साखळी काढायला.

आता पुढचे. गावातली जुनी माणसे हे सांगताना आवाज खाली आणतात. चर्चमधून जपमाळ ऐकू येत होती, एकवीस मुली आणि सिस्टर उर्सुला, सगळ्यांचे आवाज तिथे होते. फाटकाच्या आत कोणी नव्हते. आणि तो माणूस एकाएकी मागे सरकू लागला. त्याने हात ओढला. हात येईना. कोणीतरी आतून त्याचे मनगट धरले होते.

"कोन हाय? सोड!" तो ओरडला. त्याने दगडाला पाय लावून जोर केला. मग तो जे किंचाळला, ते उरलेल्या दोघांनी ऐकले, सिस्टरांनी ऐकले आणि त्या माउलीने ऐकले.

"सोड गं! सोजर, सोड मला!"

हे नाव तिथे त्या दिवशी कोणीही उच्चारले नव्हते.

दोघे साथीदार गाडीकडे पळाले. सोजरची आई उठली आणि त्याच्या अगदी तोंडाजवळ गेली. तिने त्याला मारले नाही, शिवी दिली नाही.

"कुठं हाय माझी लेक?"

"न्हाई ठावं! नदीत हात सुटला तिचा. वर घाटात वळीव पडला हुता, पानी लई होतं. मी मागं बघितलंच न्हाई. ह्या काठाला लागली का त्या, देवाशपथ न्हाई ठावं!"

"कंचा हात धरला हुतास?"

तो रडत होता. "उजवा."

तेव्हा म्हणे दगडाने हात सोडला. मनगटावर पाच वळ होते, लहान बोटांचे. एक, एक करून सोडवता येणार नाहीत असे. तो चढ उतरून गेला आणि त्या मुलुखात पुन्हा कोणाला दिसला नाही. कोणी म्हणतात, हात साखळीत अडकला होता आणि वळ कड्यांचे होते. असतीलही. पण साखळीत हात अडकला तर माणूस सोजरचे नाव का घेईल, असे सुंदराबाई विचारतात.

सोजरची आई त्या दिवशी नदीवर गेली. दोन्ही काठ चालली. काही सापडले नाही, म्हणून तिने लेकीच्या नावाने ना रडून घेतले, ना ती घरी गेली. मरेपर्यंत फाटकाशीच राहिली. सिस्टर तेक्लांना पुढे बदलीचे पत्र आले, तेव्हा त्यांनी मागे राहणाऱ्यांकडून दोन वचने घेतली. दगड हलवायचा नाही आणि फाटक बाईमाणसाविना ठेवायचे नाही.

आजही नवीन मुलगी आली की पहिल्या संध्याकाळी एक सिस्टर फाटकाबाहेर गुडघे टेकते आणि मुलगी बोलेपर्यंत कान दगडाला लावून बसते. कधी तासभर लागतो. कधी मूल तीन संध्याकाळी नुसते श्वास घेते आणि सिस्टर तीन संध्याकाळी तो श्वास ऐकते. आजही मुलीला न्यायला कोणी आले, मग हातात कसलाही कागद असो, त्याला दगडाशी उभे करून विचारतात, हिला भीती कशाची वाटते? सांगता आले नाही तर आधी चहा मिळतो, मग परतीची वाट.

फाटकाशी बसणारीचे कागदोपत्री नाव काहीही असो, तिला सगळे सोजरची आई म्हणतात. सुंदराबाई ही सातवी सोजरची आई. दिवस मावळला की त्या फाटक लावायला उठतात. साखळी ओवण्याआधी आतून वाकून भोकाला तोंड लावतात आणि बाहेर, नदीच्या दिशेने हाक देतात.

"सोजर, पाणी उतरलंय गं. डावा हात दे."

मग 'नमो मरिये' ही प्रार्थना एकदा म्हणून होईल इतका वेळ त्या हात पुढे करून उभ्या राहतात. पाहुणे बघत असले तरी. त्यानंतरच साखळी अडकवतात आणि पाहुण्यांकडे वळून, ठरल्याप्रमाणे, तोच प्रश्न पुन्हा विचारतात. तेव्हा मात्र कोणी हसत नाही.