टाकीजवळची पिवळी फुलं

शेजारच्या शालनताईंच्या कुंड्या आज सोसायटी गच्चीवरून काढून टाकणार, हे कळल्यापासून माझा पाय घरात ठरेना. चार वेळा जिना चढले-उतरले, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही विसरले. दोन महिने त्या बाईनं बादलीनं पाणी वाहून भेंडी जगवली होती हो!

शेवटी मी गच्चीवर शालनताईंजवळ जाऊन उभी राहिले, तोच सोसायटीचे चेअरमन कारखानीस वर आलेच, मागे वॉचमन मारुती.

"गच्ची म्हणजे काय मंडई आहे? इथे फक्त शोभेची झाडं चालतील. भाजीपाला नाही!"

"शोभेची म्हणजे कशी हो, साहेब?" शालनताईंनी गरिबासारखं विचारलं.

"ही बघा, टाकीजवळची पिवळी जास्वंद. रोज सकाळी हिची फुलं नेतो मी गणपतीला. अशी झाडं लावावीत माणसानं!"

मला राहवेना. "अहो, पण ती तर..."

शालनताईंनी माझा हात दाबला. "साहेब, ती जास्वंद नाही. तीच माझी भेंडी."

कारखानीसांचे कान लाल झाले. "मग भाजीच झाली ना! मारुती, उचल कुंड्या!"

"भाजी कुठली होतेय, साहेब? फूल झाडावर राहिलं तर भेंडी धरणार. तुम्ही तर पहाटेच सगळी फुलं खुडून नेता. आजवर एक भेंडी माझ्या ताटात आली नाही. ही झाडं निव्वळ शोभेची ठेवलीत ती तुम्हीच!"

मारुतीनं उचललेली कुंडी आपणहून जागेवर ठेवली.