कासारणीचे भुंडे हात

एका गावात हौसा नावाची एक कासारीण होती आणि तिच्या ओसरीवर बांगड्यांच्या जोडीला कायम एखादे दुखणाईत जनावर असे. जनावर तिचे नसे. गावच्या पांजरपोळात जागा थोडी, म्हणून लोक आजारी जनावरे आपापल्या घरी नेत, बरी करत आणि परत आणून देत. मग पांजरपोळाचे कारभारी लखमीचंदकाका त्यांना कायमचे घर शोधत. सांभाळणाऱ्याने जनावराला नाव ठेवायचे नाही, ते नव्या धन्याने ठेवायचे, अशी तिथली रीत होती.

एकदा काकांनी हौसाकडे एक काळा कुत्रा दिला. कोणीतरी त्याला एवढे बदडले होते की माणूस दिसला की तो खाटेखाली शिरे. हौसा भाकरी घेऊन खाटेपाशी बसून राही. हळूहळू तिच्या बांगड्या किणकिणल्या की तो बाहेर येऊ लागला. पण खाई ते फक्त तिच्याच हातचे. दुसऱ्या कोणी भाकरी पुढे केली की स्वारी पुन्हा खाटेखाली. बांगड्या भरायला आलेल्या बायकांना हौसा हे मुद्दाम करून दाखवी. बायका तोंडात बोटे घालत आणि हौसाच्या अंगावर मूठभर मांस चढे. खरे तर यात कौतुकाचे काही नव्हते, पण हे तिला सांगणार कोण?

शेवटी काकांनीच सांगितले. म्हाळाप्पा मेंढपाळाचा कळप तेव्हा गावच्या शिवारात बसला होता. त्याचा राखणीचा कुत्रा लांडग्याने मारला होता आणि त्याला नवा हवा होता. काका त्याला घेऊन आले. म्हाळाप्पाने हात पुढे करताच कुत्र्याने खाटेखाली धूम ठोकली.

म्हाळाप्पा म्हणाला, "गडी झकास आहे. पण याच्यासाठी मी काय बांगड्या भरू?"

हौसा हसली. मनातून तिला बरेच वाटले. काका मात्र हसले नाहीत.

"हौसे, तू याला बरं केलंस, पण फक्त तुझ्यापुरतं. असाच राहिला तर याच्या नशिबी जन्मभर पांजरपोळाची साखळी आहे."

हे शब्द तिच्या जिव्हारी लागले. म्हाळाप्पाचा तळ हलेपर्यंतच काय तो वेळ होता. किणकिण ऐकल्याशिवायही त्याने खायला शिकावे म्हणून दुसऱ्या दिवशी हौसाने हातातल्या सगळ्या बांगड्या उतरवल्या आणि तशीच भाकरी पुढे केली. कुत्र्याने तिच्याकडेही पाठ फिरवली. हौसाला रडू आले, पण तिने हात मागे घेतला नाही.

गावात बोभाटा झाला. नवरा जिवंत असताना भुंडे हात, आणि तेही कासारणीचे! सासूने अबोला धरला. बायका बांगड्या भरायला येईनाशा झाल्या. तिचा नवरा भिकोबा मात्र शांतपणे म्हणाला, "मी इथं धडधाकट बसलोय ना? तो जेवेपर्यंत नको भरूस."

अखेर कुत्र्याने त्या भुंड्या हातातली भाकरी खाल्ली. मग भिकोबाच्या हातची खाल्ली. एके दुपारी तर सासूच त्याला गुपचूप तुकडा भरवताना सापडली. म्हाळाप्पाही रोज ओसरीवर येऊन बसू लागला. तळ हलला त्या दिवशी कुत्रा त्याच्या मागोमाग चालत गेला. हौसाने पुन्हा बांगड्या भरल्या, पण घर तिला खायला उठले.

पुढच्या हंगामात कळप परतला. पुढे काळा कुत्रा, मान ताठ. त्याने दोनदा लांडगा पळवून लावला होता आणि वर्षभरात एकही कोकरू गेले नव्हते. सारा गाव बघायला लोटला. हौसाच्या बांगड्या वाजताच तो धावत आला आणि त्याने तिचे हात चाटून काढले. तेवढ्यात म्हाळाप्पाने हाक मारली, "खंड्या!" त्याचे नाव हौसाने पहिल्यांदाच ऐकले. खंड्या वळला आणि मागे न बघता कळपाकडे पळाला.

बायका म्हणाल्या, लबाड विसरला तुला. हौसा मात्र आनंदाने रडत होती.

"त्यानं मागं वळून बघितलं नाही, बायांनो. मी जिंकले."

ती तडक पांजरपोळात गेली आणि भेदरलेले एक मांजर घेऊन आली. ओसरीवर पाय ठेवताच तिने बांगड्या उतरवल्या. या वेळी सासूने त्या उचलून जपून फडताळात ठेवल्या.

तात्पर्य: ज्याला आपण सांभाळले त्याला आपल्यावाचून सुखाने जगता आले, तरच आपला सांभाळ पुरा झाला.